कारखान्याच्या गेटवरचा टॅबलेट: एकाच अ‍ॅपचा किऑस्क मोड कसा लावायचा

भोसरी एमआयडीसीतल्या एका लहान मशीन शॉपच्या गेटवर पूर्वी जाड पुठ्ठ्याचं रजिस्टर असायचं. नाव, मोबाईल, कुणाला भेटायचं, आत आल्याची वेळ, बाहेर पडल्याची वेळ. पावसाळ्यात पानं फुगायची, दोरीने बांधलेलं पेन तरीही गायब व्हायचं आणि महिनाअखेर ऑफिसातल्या मुलीला ते सगळं एक्सेलमध्ये भरत बसावं लागायचं. मालकांनी एक टॅबलेट आणला, त्यात व्हिजिटरची नोंद करणारं अ‍ॅप टाकलं आणि तो वॉचमन मामांच्या टेबलावर ठेवला. आठवड्याच्या आत त्यावर क्रिकेटचे सामने चालू झाले, कुणीतरी दोन गेम टाकले आणि एका सकाळी नोंदीचं अ‍ॅपच सापडेना. कुणाच्या तरी हातून ते निघून गेलं होतं. बोलणी मामांना बसली. त्यांची त्यात काहीच चूक नव्हती. टॅबलेट मोकळा ठेवला की येणारा-जाणारा तो मोकळेपणानेच वापरणार.

यावरचा उपाय म्हणजे किऑस्क मोड. टॅबलेट चालू केला की ठरवलेलं एकच अ‍ॅप उघडतं, त्यातून बाहेर पडता येत नाही, वरची पट्टी खाली ओढता येत नाही आणि बंद करून चालू केला तरी पुन्हा तेच अ‍ॅप समोर येतं. बँकेतलं टोकन देणारं यंत्र किंवा दवाखान्यातला अभिप्रायाचा पडदा याच पद्धतीने चालतो. आपल्याकडे लहान कारखाने, वर्कशॉप, क्लिनिक, हॉटेलांची स्वयंपाकघरं अशा ठिकाणी आता टॅबलेट येऊ लागले आहेत, पण ते बसवणारा माणूस बहुधा आयटीतला नसतो. तो अकाउंट्स सांभाळणारा असतो, किंवा मालकाचा मुलगा असतो. हा लेख त्यांच्यासाठी आहे. मुख्य भर अँड्रॉइडवर ठेवला आहे, कारण गेटवर बहुतेक तोच दिसतो. आयपॅड आणि विंडोजचंही थोडक्यात सांगतो.

आधी कागदावर ठरवा

सेटिंग्जला हात लावण्यापूर्वी तीन गोष्टी लिहून काढा.

पहिली: या टॅबलेटचं नेमकं काम काय? उत्तर एका वाक्यात आलं पाहिजे. "व्हिजिटरची नोंद" हे चालेल. "व्हिजिटरची नोंद, शिवाय कामगारांची हजेरी, शिवाय कधी लागलं तर व्हॉट्सअ‍ॅप" असं म्हणाल तर ते एका अ‍ॅपचं काम राहिलं नाही. त्यासाठी अनेक अ‍ॅप्सचा किऑस्क लावावा लागतो आणि त्याची देखभाल जड जाते. दुसरा टॅबलेट घेणं बऱ्याचदा सोपं पडतं.

दुसरी: ते काम अ‍ॅपवर होणार आहे की वेबपेजवर? अनेक जण गूगल फॉर्मच वापरतात आणि त्यात वावगं काही नाही. पण मग नेहमीचा क्रोम उपयोगाचा नाही, किऑस्क ब्राउझर लागतो. त्याबद्दल पुढे येईलच.

तिसरी: कुलपाची किल्ली कुणाकडे? किऑस्कमधून बाहेर पडण्याचा पिन, टॅबलेट ज्या खात्याला जोडला त्याचा पासवर्ड आणि वाय-फायचा पासवर्ड या तिन्ही गोष्टी किमान दोन माणसांना माहीत हव्यात. हे प्रकरण सगळ्यात जास्त लोक टाळतात आणि सगळ्यात जास्त मनस्ताप त्यातूनच होतो. एका वर्कशॉपमध्ये टॅबलेटवर स्टोअर सांभाळणाऱ्या मुलाचं वैयक्तिक जीमेल टाकलं होतं. तो नोकरी सोडून गेला. पुढे टॅबलेट अडला म्हणून बटणं दाबून रीसेट केला, तर तो जुनंच खातं मागू लागला. अँड्रॉइड 5.1 पासून ही सोय आहे: चोराने टॅबलेट पुसला तरी आधीच्या खात्याशिवाय तो सुरू होत नाही. संरक्षण चांगलंच आहे, पण इथे ते मालकाच्याच विरोधात गेलं. सुदैवाने त्या मुलाने फोन उचलला.

म्हणून पहिलं काम, कंपनीच्या नावाचा स्वतंत्र ईमेल काढा. मालकाचा नाही, तुमचा नाही, कुठल्याही एका माणसाचा नाही.

टॅबलेट घेताना

गेटसाठी फार महागाचा टॅबलेट लागत नाही. 8.7 इंची सॅमसंग गॅलॅक्सी टॅब ए9 सारखं यंत्र नोंदीच्या कामाला पुरतं. वयस्कर माणसांना टाइप करायचं असेल तर 11 इंची ए9 प्लससारखा मोठा पडदा घ्या, बोटं चुकत नाहीत. घेताना दोन गोष्टी तपासा. एक, प्ले स्टोअरच्या सेटिंग्जमध्ये "अबाउट" खाली प्ले प्रोटेक्ट सर्टिफिकेशन, म्हणजे गूगलने यंत्र मान्य केल्याची खूण, दिसतं का. अगदी स्वस्तातल्या काही टॅबलेटवर ते नसतं आणि मग पुढची पक्की पद्धत त्यावर चालत नाही. दोन, कॅमेरा नीट आहे का. क्यूआर कोड वाचायला तो लागणार आहे.

सिमकार्डचा टॅबलेट गेटवर शक्यतो नको. फोन येतात, मेसेज येतात, आणि सिम काढून दुसरीकडे वापरलं जातं. वाय-फाय गेटपर्यंत पोचतच नसेल तरच सिमचा विचार करा.

कडी: स्क्रीन पिनिंग

एका तासासाठी, किंवा तुमच्या डोळ्यांसमोर वापरला जाणार असेल तर, अँड्रॉइडमध्ये 5.0 पासून असलेलं पिनिंग पुरतं. सेटिंग्जमध्ये सिक्युरिटी अँड प्रायव्हसी, त्यात आणखी सिक्युरिटी सेटिंग्ज, तिथे "अ‍ॅप पिनिंग". सॅमसंगवर त्याला "पिन अ‍ॅप" म्हणतात. सापडत नसेल तर सेटिंग्जच्या शोधात "पिन" एवढंच टाइप करा. ते चालू करा आणि त्याखालचं "अनपिन करण्यापूर्वी पिन विचारा" हेही चालू करा. यासाठी टॅबलेटला आधी स्क्रीन लॉकचा पिन असावा लागतो.

मग हवं ते अ‍ॅप उघडा, अलीकडच्या अ‍ॅप्सची यादी आणा, अ‍ॅपच्या आयकॉनवर टॅप करून "पिन" निवडा. बाहेर पडायला पडदा खालून वर सरकवून धरून ठेवायचा, किंवा खाली तीन बटणं असतील तर बॅक आणि रिसेंट्स ही दोन एकत्र दाबून धरायची.

ही नुसती कडी आहे. टॅबलेट बंद करून चालू केला की ती निघते. वीज गेली, बॅटरी संपली, की दुसऱ्या दिवशी टॅबलेट पुन्हा मोकळा. प्रदर्शनातल्या स्टॉलवर, मुलाखतीच्या दिवशी फॉर्म भरून घेताना ठीक. कायमच्या गेटवर नाही.

प्ले स्टोअरमधून उतरवायची "किऑस्क लाँचर" प्रकारची अ‍ॅप्सही मिळतात. ती होम स्क्रीनची जागा घेतात आणि कडीपेक्षा बरी असतात. पण त्यांना टॅबलेटची पूर्ण मालकी दिलेली नसेल तर पळवाट उरते: टॅबलेट सेफ मोडमध्ये सुरू केला की बाहेरून टाकलेली सगळी अ‍ॅप्स झोपतात, आणि त्यांच्याबरोबर तुमचं कुलूपही. सेफ मोड कसा लावायचा हे पंधरा वर्षांच्या मुलाला माहीत असतं.

खरं कुलूप: टॅबलेटची मालकी

अँड्रॉइडमध्ये "डिव्हाइस ओनर" नावाची जागा असते. ज्या अ‍ॅपला ही जागा मिळते ते टॅबलेटला सांगू शकतं की एवढंच अ‍ॅप चालवायचं, बाकी काही नाही. स्टेटस बार, होम बटण, सेफ मोड, रीसेट, यूएसबीतून फाइली काढणं, नवीन युजर जोडणं, सगळं बंद करता येतं. पक्का किऑस्क याच जागेवरून लागतो.

इथला नियम एकच आणि तो पाठ करा: ही जागा फक्त कोऱ्या टॅबलेटला देता येते. म्हणजे बॉक्समधून काढलेला, किंवा फॅक्टरी रीसेट केलेला. एकदा गूगल खातं टाकून, वाय-फाय लावून, वॉलपेपर बदलून झाल्यावर तुम्ही ही जागा देणारा क्यूआर कोड शोधत बसलात तर सगळं पुसून पहिल्यापासून सुरू करावं लागेल. नवीन माणसाचा अर्धा दिवस हमखास इथेच जातो.

एमडीएम म्हणजे दुरून उपकरणं सांभाळणारी सेवा. वेबवर तुमचं एक पॅनेल असतं, तिथे नियम लिहायचे आणि ते टॅबलेटवर जाऊन बसतात. भारतातच या क्षेत्रात चांगलं काम झालं आहे: पुण्याच्या प्रोमोबीचं स्केलफ्यूजन, बेंगळुरूच्या फॉर्टीटू गिअर्सचं शुअरलॉक, चेन्नईच्या झोहोचं मॅनेजइंजिन. मायक्रोसॉफ्ट वापरणाऱ्या कंपन्यांकडे इन्ट्यून असतं. पैसे बहुतेक ठिकाणी दर उपकरणामागे लागतात. चाचणीचा काळ मिळतो का ते विचारा आणि एका टॅबलेटवर पंधरा दिवस चालवून मगच ठरवा. प्रत्येकाची पॅनेलं वेगळी दिसतात, पण आतला क्रम सारखाच:

1. कंपनीच्या ईमेलवरून एमडीएमवर खातं उघडा आणि ते अँड्रॉइड एंटरप्राइजशी, म्हणजे गूगलच्या कंपन्यांसाठीच्या सेवेशी, जोडा. पॅनेल स्वतःच गूगलच्या पानावर नेतं.

2. व्यवस्थापित गूगल प्लेमधून (प्ले स्टोअरचं कंपन्यांसाठीचं रूप) तुमचं अ‍ॅप निवडून मंजूर करा. वेबपेज असेल तर एमडीएमचा स्वतःचा किऑस्क ब्राउझर घ्या.

3. नवीन पॉलिसी, म्हणजे टॅबलेटसाठीच्या नियमांचा संच, बनवा, प्रकार "सिंगल अ‍ॅप किऑस्क". त्यात ते अ‍ॅप द्या.

4. बाकीचे नियम लावा. कुठले ते खाली सविस्तर लिहिले आहेत, घाई करू नका.

5. पॉलिसीचा एनरोलमेंट क्यूआर कोड, म्हणजे टॅबलेट पॅनेलला जोडणारा कोड, काढा.

6. टॅबलेट जुना असेल तर सेटिंग्जमधून आधी गूगल खातं काढा, मग सेटिंग्जमधूनच फॅक्टरी रीसेट करा. क्रम उलटा करू नका.

7. स्वागताचा पहिला पडदा आला की कशालाही हात न लावता मोकळ्या जागेवर एकाच ठिकाणी सहा वेळा टॅप करा. कोड वाचणारा कॅमेरा उघडतो. ही युक्ती अँड्रॉइड 7 पासून चालते.

8. कोड दाखवा, वाय-फाय द्या, "हे उपकरण तुमच्या संस्थेचं आहे" अशा अर्थाची सूचना स्वीकारा. अ‍ॅप उतरेपर्यंत थांबा. शेवटी टॅबलेट थेट तुमच्या अ‍ॅपमध्ये उघडतो.

सातव्या पायरीवर पहिल्यांदा सहा टॅप केल्यावर कॅमेरा उघडताना बघणं हा मला आजही आनंदाचा क्षण वाटतो.

आता चौथ्या पायरीचे नियम. यातले बरेच पहिल्या दिवशी बिनमहत्त्वाचे वाटतात आणि तीन महिन्यांनी आठवतात.

अपडेट. प्ले स्टोअर सहसा अ‍ॅप तेव्हाच अपडेट करतं जेव्हा ते समोर उघडलेलं नसतं. किऑस्कमध्ये तर तुमचं अ‍ॅप चोवीस तास समोरच असतं. म्हणजे ते कधीच अपडेट होत नाही, आणि एके दिवशी सर्व्हर जुन्या आवृत्तीला नकार देतो. यासाठी पॉलिसीत सिस्टम अपडेटची ठरावीक वेळ द्या, उदाहरणार्थ रात्री 2 ते 4. गूगलचीही किऑस्कसाठी हीच शिफारस आहे, कारण त्या ठरलेल्या वेळेत समोर अडकवून ठेवलेलं अ‍ॅपही अपडेट होतं. अर्थात त्या वेळी टॅबलेट आणि वाय-फाय दोन्ही चालू हवेत. रात्री निघताना मेन स्विच बंद करायची सवय असेल तर दुपारच्या जेवणाची वेळ द्या.

नेटवर्क. कुणीतरी राउटरचा पासवर्ड बदलतो. टॅबलेट किऑस्कमध्ये आहे, सेटिंग्ज उघडत नाहीत, नेट नाही म्हणून तुमच्या पॅनेलचा हुकूमही पोचत नाही. असा आतून कडी लागलेला टॅबलेट मी पाहिला आहे. पॉलिसीत "नेटवर्क एस्केप हॅच" किंवा त्या अर्थाचा पर्याय असतो: टॅबलेट सुरू होताना नेट मिळालं नाही तर तो तात्पुरतं दुसरं वाय-फाय विचारतो, नवे नियम उतरवतो आणि ते तात्पुरतं नेटवर्क विसरून जातो. तो चालू ठेवा. मोबाईलचा हॉटस्पॉट लावून सुटका होते.

राउटरवर ठरावीक उपकरणांनाच प्रवेश असेल तर आणखी एक अडचण येते. अँड्रॉइड 10 पासून टॅबलेट वाय-फायला खरा मॅक पत्ता, म्हणजे उपकरणाचा स्वतःचा ओळख क्रमांक, न देता दुसराच बनवून देतो. तुम्ही यादीत खोक्यावरचा पत्ता टाकता आणि टॅबलेट जोडला जात नाही. त्या वाय-फायच्या सेटिंगमध्ये "उपकरणाचा मॅक वापरा" निवडा. आणि ज्या वाय-फायवर लॉगिनचं पान येतं, म्हणजे पाहुण्यांसाठीचं, ते किऑस्कला देऊ नका. ते पान उघडायलाच जागा नसते.

तारीख आणि वेळ. हजेरीचं अ‍ॅप असेल तर वेळ आपोआप घ्यायला लावा आणि ती बदलायची सोय बंद करा. कारण सांगायला नको.

पडदा. चार्जिंगवर असताना पडदा चालू राहील असं ठेवा, प्रकाश मध्यम ठेवा. आवाजाची बटणं बंद करायची का ते जागा बघून ठरवा. मशीनच्या आवाजात नोंद झाल्याची टिंग ऐकू यायला हवी असेल तर आवाज पूर्ण ठेवून मग बटणं बंद करा.

पॉवर बटण. अनेक जण तेही पूर्ण बंद करतात. माझं मत वेगळं आहे: रीस्टार्टची वाट ठेवा. अ‍ॅप अडलं तर रात्रपाळीचा वॉचमन निदान बंद-चालू करून बघू शकतो. कुलूप पक्कं असेल तर रीस्टार्टनंतर तो पुन्हा त्याच अ‍ॅपमध्ये येतो, मग त्याला घाबरायचं कशाला?

वेबपेज असेल तर

गूगल फॉर्मच्या खाली बारीक अक्षरात सेवा अटी, गोपनीयता, तक्रार अशा लिंका असतात. त्यांतली एक दाबली की माणूस फॉर्ममधून बाहेर, आणि तिथून फिरत फिरत कुठेही. म्हणून किऑस्क ब्राउझरमध्ये परवानगीच्या पत्त्यांची यादी द्यायची: एवढेच पत्ते उघडतील, बाकी नाही. दुसरी गोष्ट, एक-दोन मिनिटं कुणी हात लावला नाही की पान पुन्हा पहिल्यासारखं कोरं झालं पाहिजे. नाहीतर अर्धवट भरून निघून गेलेल्या माणसाचा मोबाईल नंबर पुढच्या माणसाला दिसतो.

हेच कीबोर्डलाही लागू आहे. गूगलचा कीबोर्ड, जीबोर्ड, शिकत जातो. काल आलेल्या माणसाचं आडनाव आज दुसऱ्याला सुचवतो. गेटवर नेण्याआधी बाहेर पडण्याच्या पिनने किऑस्कमधून बाहेर या, कीबोर्डच्या सेटिंग्जमधून वैयक्तिक सूचना बंद करा, ब्राउझरचं ऑटोफिल बंद करा.

कीबोर्डचा विषय निघालाच आहे तर मराठीचं सांगतो. ते मनापासून करा. फॉर्मवर "व्हिजिटर नेम" लिहिण्याऐवजी "तुमचं नाव" लिहा. जीबोर्डमध्ये मराठीचे दोन प्रकार आहेत, थेट देवनागरी कळा आणि इंग्रजी अक्षरांत लिहून देवनागरी मिळणारा. दोन्ही टाका, इंग्रजीही ठेवा, आणि पृथ्वीच्या चिन्हाने भाषा बदलते हे टॅबलेटशेजारी चिकटवा. कीबोर्डच्या भाषाही तसंच पिनने बाहेर येऊन आधीच टाका. गेटवर आलेल्या माणसाला तिथे जाण्याची वाट नसते. माल घेऊन आलेल्या ट्रक ड्रायव्हरला इंग्रजी कीबोर्डवर स्वतःचं नाव लिहायला लावणं मला तरी योग्य वाटत नाही. त्याच्यासाठी रांग थांबते आणि अवघडतो तो.

रकानेही कमी ठेवा. नाव, मोबाईल, कुणाला भेटायचं. पत्ता, ईमेल, आधार क्रमांक कशाला? 2023 च्या डिजिटल वैयक्तिक डेटा संरक्षण कायद्यात माहिती कशासाठी घेतो हे सांगायची जबाबदारी घेणाऱ्यावर आहे, आणि ती सूचना इंग्रजीत किंवा आठव्या अनुसूचीतल्या 22 भाषांपैकी कुठल्याही भाषेत वाचायची सोय द्यायला हा कायदा सांगतो. मराठी त्यांतलीच एक. दोन ओळी पडद्यावर आल्या की झालं.

आयपॅड आणि विंडोज

आयपॅडवरची कडी म्हणजे गाइडेड अ‍ॅक्सेस. सेटिंग्ज, अ‍ॅक्सेसिबिलिटी, गाइडेड अ‍ॅक्सेस इथे चालू करून पासकोड द्या. अ‍ॅप उघडा आणि वरचं बटण, जुन्या आयपॅडवर होम बटण, तीनदा दाबा. पर्यायांत बटणं, आवाज, कीबोर्ड बंद करता येतात आणि पडद्याच्या एखाद्या भागावर बोटाने रेघ ओढून तेवढा भाग निकामीही करता येतो. हे शेवटचं मला फार आवडतं. अ‍ॅपमधलं एखादं नको असलेलं बटण तेवढंच झाकता येतं. पण यंत्र सक्तीने रीस्टार्ट केलं की हीसुद्धा निघते.

आयपॅडचं पक्कं कुलूप म्हणजे सिंगल अ‍ॅप मोड. त्यासाठी आयपॅड "सुपरवाइज्ड", म्हणजे कंपनीच्या ताब्यात असल्याची नोंद झालेला, लागतो. मॅक संगणकावरचं अ‍ॅपल कॉन्फिगरेटर किंवा अ‍ॅपल बिझनेस मॅनेजर जोडलेलं एमडीएम यांतून ते होतं. कॉन्फिगरेटरने करताना आयपॅड पुसला जातो, तेव्हा नियम तोच: आधी कोरा, मग कुलूप. हा मोड रीस्टार्टनंतरही टिकतो. त्या आयपॅडला स्क्रीनचा पासकोड ठेवू नका, नाहीतर वीज येऊन सुरू झालेला आयपॅड पासकोडपाशीच अडून बसेल.

विंडोज टॅबलेट असेल तर सेटिंग्ज, अकाउंट्स, अदर युजर्स इथे "किऑस्क" मिळतं. होम आवृत्तीवर ते नाही, प्रो, एंटरप्राइज किंवा एज्युकेशन लागते. एज ब्राउझर निवडला तर किती मिनिटांनी पान कोरं करायचं हेही विचारतो. बाहेर पडायला कंट्रोल-ऑल्ट-डिलीट, म्हणून उघड्यावर कीबोर्ड ठेवू नका.

गेटवर नेण्याआधी मोडून बघा

बसवण्याआधी अर्धा तास टॅबलेट एखाद्या चौकस मुलाच्या हातात द्या आणि सांगा, यातून बाहेर पडून दाखव. तुम्ही शेजारी वही घेऊन बसा. वरून, खालून, दोन्ही कडांनी सरकवून बघा. पॉवर आणि आवाजाचं बटण एकत्र दाबा. लिहिलेल्या शब्दावर बोट धरून ठेवा: "शेअर" किंवा "वेबवर शोधा" असा तुकडा वर येतो, तो कुठे नेतो ते बघा. कीबोर्डवरचं दातेरी चाक दाबा. अ‍ॅपमधली "आमच्याविषयी", "मदत", "अटी" ही प्रत्येक लिंक दाबा. मोकळ्या यूएसबीला माउस लावा.

मग वीज. चार्जर काढा, वाय-फाय बंद करा, नोंद करा, ती साठून राहते का बघा, वाय-फाय लावल्यावर सर्व्हरला पोचते का बघा. शेवटी टॅबलेटची बॅटरी पूर्ण उतरू द्या. भोसरीत गुरुवारी सुट्टी असते. बुधवारी रात्री मेन स्विच बंद होतो आणि शुक्रवारी सकाळी सातच्या पाळीला टॅबलेट काळा पडलेला असतो. आयपॅड चार्जर लागल्यावर थोड्या वेळाने स्वतःच सुरू होतो. बहुतेक अँड्रॉइड टॅबलेट नुसतं बॅटरीचं चित्र दाखवत बसतात, बटण दाबावंच लागतं. म्हणून चौकटीत बटणापर्यंत जायची जागा ठेवा, निदान काडी जाईल एवढं भोक. मामांचा "साहेब, हे बंदच पडलंय" हा फोन एवढ्याने वाचतो.

बॅटरी आणि ऊन

कायम शंभर टक्के चार्ज आणि त्यात उष्णता, यासारखा लिथियम बॅटरीचा शत्रू नाही. दीड-दोन वर्षांत पाठ फुगलेले टॅबलेट मी हातात घेतले आहेत. सॅमसंगवर बॅटरी सेटिंगमध्ये संरक्षणाचा पर्याय आहे. तो चार्जिंग 80 किंवा 85 टक्क्यांवर थांबवतो, यंत्र आणि आवृत्तीप्रमाणे. पहिल्या दिवशीच लावा, कीबोर्डसारखंच पिनने बाहेर येऊन. तसा पर्याय नसेल तर टायमरचा प्लग आणा आणि दिवसातून दोनदा ठरावीक वेळ चार्ज होऊ द्या. सतत प्लगवरच राहणार असेल आणि खर्च परवडत असेल तर गॅलॅक्सी टॅब अ‍ॅक्टिव्ह 5 बॅटरी काढूनही चालतो. पाठ फुगलेली दिसली तर तो टॅबलेट लगेच बंद करा, चार्जिंग काढा, दाबून बसवायचा प्रयत्न करू नका आणि ई-कचरा घेणाऱ्याकडे द्या.

अ‍ॅपलने आयपॅडसाठी 0 ते 35 अंश हवेचं तापमान सांगितलं आहे. एप्रिल-मे मध्ये पत्र्याच्या वॉचमन केबिनमध्ये ते सकाळी दहालाच ओलांडलं जातं. टॅबलेट पश्चिमेच्या उन्हात येणार नाही अशी भिंत निवडा, बंद डब्यात कोंडू नका, मागे हवा खेळू द्या. जमिनीपासून पडद्याचा मध्य साधारण 110 ते 120 सेंमीवर ठेवला तर उभ्या माणसाला वाकावं लागत नाही आणि बुटक्या माणसाला टाचा वर कराव्या लागत नाहीत. कूलंट-तेलाचे हात पुसायला शेजारी फडकं टांगा. ओल्या बोटांना पडदा दाद देत नाही.

किल्ली आणि कागद

बाहेर पडण्याचा पिन 1234 किंवा कंपनीच्या फोनचे शेवटचे आकडे असा नको. तो पाळीच्या सुपरवायझरकडे आणि ऑफिसात एकाकडे. तिसरी प्रत बंद पाकिटात, तिजोरीत किंवा जिथे आरसी बुकं ठेवता तिथे, वर तारीख घालून. पिन सांभाळणाऱ्यांपैकी कुणी नोकरी सोडली की त्याच दिवशी तो बदला. वॉचमन मामांना पिन देऊ नका. यात अविश्वास नाही. पिन त्यांच्याकडे आहे हे कळलं की त्यांच्यावर दबाव येतो, "मामा, जरा मॅच लावा की". पिन नसला की त्यांना नाही म्हणावं लागत नाही.

टॅबलेटशेजारी एक कागद लॅमिनेट करून लावा. मोठ्या अक्षरात तीनच ओळी: पडदा काळा असेल तर डावीकडचं बटण तीन सेकंद दाबा. अडकला असेल तर बंद करून चालू करा. तरीही चालला नाही तर रजिस्टरमध्ये लिहा आणि ऑफिसला कळवा. खाली एक फोन नंबर. बटण तुमच्या टॅबलेटवर जिकडे असेल तसं लिहा, आणि ते रजिस्टर निदान पहिले दोन महिने टेबलाच्या खणात राहू द्या, पेनासकट.